जुन्या कानांसाठी नवे अल्बम

प्रश्न असा आहे: "वय ४६. घरात नाट्यसंगीत, भावगीतं आणि मेहदी हसन, गुलाम अली यांच्या गझला ऐकत वाढलो. सतरा वर्षांची मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही नवीन काहीच ऐकत नाही. आता चांगले हेडफोन घेतलेत. गेल्या दोन-तीन वर्षांत आलेले, निरनिराळ्या प्रकारांतले अल्बम सुचवा. नुसती यादी नको. सुरुवात कुठून करू आणि त्यात काय ऐकू, तेही सांगा."

मी पुण्यात सव्वीस वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो आहे. अभंग, नाटकांची पार्श्वसंगीतं, लग्नाची गाणी, रॉक बँड, जाहिराती, सगळं केलंय. कामाचा भाग म्हणून दर आठवड्याला नवं काहीतरी शेवटपर्यंत ऐकतो. त्या ऐकण्यातून सांगतो. गझल आणि नाट्यसंगीतावर तयार झालेला कान नव्या संगीताला अडचण होत नाही. उलट तुम्हाला शब्दाची फेक कळते, समेची वाट बघता येते आणि गायक स्वरावर किती वेळ थांबला हे लक्षात येतं. एवढं भांडवल पुरेसं आहे. फक्त कोणत्या दारातून आत शिरायचं ते ठरवायला हवं.

आधी फोनमधल्या दोन गोष्टी. शफल बंद करा आणि क्रॉसफेड चालू असेल तर तोही बंद करा. क्रॉसफेडमुळे एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्यावर चढतं, आणि दोन गाण्यांमधली जी शांतता कुणीतरी सेकंद मोजून ठेवलेली असते ती मरते. लाउडनेस नॉर्मलायझेशन मात्र चालू असू द्या. अलीकडची बरीच गाणी दाबून दाबून मोठी केलेली असतात, त्यामुळे पातळी सारखी केल्याशिवाय दोन अल्बमची तुलना होत नाही. काही वर्षांपूर्वी अभंगांच्या एका अल्बमचं मिक्सिंग माझ्याकडे होतं. निर्मात्याला पहिल्या ओळीपासून सगळं 'उचलून' हवं होतं. तीन वेळा फायनल परत आली आणि शेवटी मी हात टेकले. गजराला टाळ एकदम वाढतात तेव्हा अंगावर येणारा काटा त्या रेकॉर्डवर येत नाही, कारण वाढायला जागाच उरलेली नाही. तेव्हापासून नवा अल्बम हातात आला की मी आधी एवढंच बघतो: यात हळू आहे का? खाली सुचवलेल्या जवळजवळ सगळ्या अल्बममध्ये आहे.

सुरुवात 'चेन ऑफ लाइट'पासून करा. हा नुसरत फतेह अली खान यांचा अल्बम सप्टेंबर २०२४ मध्ये आला. खाँसाहेब जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. रेकॉर्डिंग १९९० सालचं, ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएल यांच्या इंग्लंडमधल्या रिअल वर्ल्ड स्टुडिओतलं. टेप तिथल्या साठ्यात पडून होती, २०२१ मध्ये साठा हलवताना ती हाती लागली. चार कव्वाल्या आहेत, प्रत्येकी साधारण दहा मिनिटांच्या. त्यातली 'या गौस या मीराँ' त्याआधी कुणी ऐकलेलीच नव्हती. शेवटची अमीर खुस्रोंची फारसी रचना आहे. हे 'नवं' कसं, असं तुम्ही म्हणाल. माझ्या दृष्टीने हे नवंच आहे, कारण त्या काळात खाँसाहेबांच्या गाण्याची बहुतेकांना ओळख झाली ती कॅसेटवरून, आणि कॅसेटमध्ये टाळ्या, हार्मोनियम आणि साथीचा गळा यांचा एकच गोळा व्हायचा. इथे प्रत्येक माणूस आपापल्या जागी बसलेला ऐकू येतो. साथीदाराने ओळ उचलली आणि खाँसाहेबांनी ती त्याच्या तोंडातून काढून घेतली, हे हेडफोनवर दिसल्यासारखं कळतं. आवाज त्या काळात ऐन भरात आहे. पहिल्या दिवशी एवढंच ऐका.

दुसरं दार गझलेचं. अरूज आफताब यांचा 'नाइट रेन', मे २०२४. या लाहोरमध्ये वाढल्या, अमेरिकेत बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकल्या आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहतात. २०२२ मध्ये 'मोहब्बत'साठी त्यांना ग्रॅमी मिळालं, तेव्हा ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या पाकिस्तानी स्त्री ठरल्या. एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, म्हणजे निराशा होणार नाही: यात गझल आहे, पण गझलेची बैठक नाही. तबला, हार्मोनियम, शेर संपल्यावर 'वाह वा', यातलं काही सापडणार नाही. त्या जागी हार्प आहे, डबल बास आहे, आणि शब्दांच्या आजूबाजूला भरपूर अंधार आहे. 'ना गुल' ही रचना अठराव्या शतकातल्या हैदराबादच्या माह लका बाई चंदा यांची आहे. उर्दूत स्वतःचा दीवान, म्हणजे कवितासंग्रह, असलेल्या अगदी सुरुवातीच्या कवयित्रींपैकी त्या एक. हैदराबादला मौला अली टेकडीच्या पायथ्याशी त्यांची कबर आहे. दोनशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लिहिलेली ओळ आज ब्रुकलिनमध्ये गायली जाते आणि परकी वाटत नाही.

या बाईंनी बर्कलीमध्ये म्युझिक प्रॉडक्शन आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलंय, आणि ते प्रत्येक गाण्यात कळतं. त्यांचा आवाज कुठेही पुढे येऊन उभा राहत नाही, वाद्यांच्या बरोबरीने बसतो. मेहदी हसनांचा खर्ज तुम्हाला आवडत असेल तर इथे खालच्या पट्टीत आवाज किती निवांत राहतो ते बघा. मधेच 'ऑटम लीव्ह्ज' हे जुनं जॅझ गाणं येतं. ते त्यांनी इतकं काळोखं केलंय की ओळखीची चाल अर्ध्यावर कळते. हा अल्बम रात्री जेवणानंतर दिवे कमी करून ऐकायचा. सकाळी ऐकून 'संथ आहे' म्हणू नका, तो सकाळचा नाहीच.

तिसरा 'शक्ती'चा 'धिस मोमेंट', जून २०२३. १९७७ नंतर छेचाळीस वर्षांनी या गटाचा स्टुडिओ अल्बम आला. जॉन मॅक्लॉक्लिन गिटारवर, झाकीर हुसेन तबल्यावर, शंकर महादेवन गायला, गणेश राजगोपालन व्हायोलिनवर आणि सेल्वगणेश तालवाद्यांवर. सेल्वगणेश यांचे वडील विक्कू विनायकराम मूळ शक्तीत घटम् वाजवत, म्हणजे एका जागेवर दोन पिढ्या झाल्या. शंकर महादेवन आपल्याला 'कट्यार काळजात घुसली'मधून घरच्यासारखे झालेत, पण इथे ते अगदी निराळे आहेत. गाण्यापेक्षा आलाप, सरगम आणि कोन्नक्कोलच्या म्हणजे बोलांच्या जवळ. 'मोहनम्' नावाचा तुकडा आहे. मोहनम् म्हणजे स्वरांनी आपला भूपच, त्यामुळे कान लगेच बसतो आणि मग गिटार त्या पाच स्वरांत कुठून कुठून फिरून येते ते मोजत राहावंसं वाटतं. 'श्रीनीज ड्रीम' मँडोलिनवाल्या यू. श्रीनिवास यांच्या आठवणीत आहे. ते २०१४ मध्ये अवघे पंचेचाळीस वर्षांचे असताना गेले.

या अल्बमवर माझा एक आक्षेपही आहे. यातलं बरंचसं काम कोविडच्या काळात लांबून, फाइली एकमेकांकडे पाठवत झालं. वादन निर्दोष आहे. पण मैफलीत झाकीरभाई समेच्या आधी समोरच्याकडे बघून जी भुवई उडवायचे, त्या क्षणाची ऊब इथे कमी आहे. तरीही ऐकाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये याला ग्रॅमी मिळालं. त्याच रात्री बेला फ्लेक, एडगर मेयर आणि राकेश चौरसिया यांच्याबरोबरच्या कामासाठी झाकीरभाईंना आणखी दोन मिळाली. त्या चौघांचा 'अ‍ॅज वी स्पीक' (२०२३) मला 'धिस मोमेंट'पेक्षा जास्त प्रिय आहे: बँजो, डबल बास, बासरी, तबला. चार माणसं एकमेकांचं ऐकत वाजवतायत, हे त्यात प्रत्येक मात्रेला कळतं. १५ डिसेंबर २०२४ ला माहीमचा तो मुलगा, आपले झाकीरभाई, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गेला. त्यानंतर जवळजवळ महिनाभर मला हा अल्बम लावता आला नाही.

आता हेडफोनचं सार्थक करणारा अल्बम. नवं ऐकायला शिकायचं असेल तर यापेक्षा चांगला गुरू मला माहीत नाही. पीटर गॅब्रिएल यांचा 'आय/ओ'. २००२ नंतरचा त्यांचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा पहिला अल्बम. २०२३ मध्ये दर पौर्णिमेला एक अशी गाणी आली आणि १ डिसेंबरला बाराच्या बारा एकत्र निघाली. खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक गाणं दोन वेगळ्या मिक्समध्ये दिलंय. 'ब्राइट-साइड' मिक्स मार्क 'स्पाइक' स्टेंट यांचं, 'डार्क-साइड' मिक्स चॅड ब्लेक यांचं. गायन तेच, वादन तेच, शब्द तेच. बदललाय फक्त माझ्यासारख्या माणसाचा हात.

लोक मला विचारतात, मिक्सिंग म्हणजे नेमकं काय करता? गाणं रेकॉर्ड झालं की झालं ना? त्यांना मी हाच अल्बम लावून दाखवतो. 'प्लेइंग फॉर टाइम' घ्या. आधी ब्राइट-साइड ऐका, लगेच डार्क-साइड. पहिल्यात पियानो आणि गळा तुमच्यासमोर सभागृहात उभे असल्यासारखे वाटतात, कडा स्वच्छ, हवा खेळती. दुसऱ्यात तेच सगळं जवळच्या लहान खोलीत आल्यासारखं, खालचे स्वर जाड, काही आवाज मुद्दाम खरखरीत. मग 'अँड स्टिल' ऐका. ते त्यांनी आपल्या आईसाठी लिहिलंय. मला ते डार्क-साइडमध्येच पटतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलाला ब्राइट-साइड आवडतं, आणि आमचा हा वाद अजून मिटलेला नाही. तुम्ही दोन्ही ऐकून आपली बाजू ठरवा. एकदा हा फरक कानाला लागला की पुढचं प्रत्येक गाणं तुम्ही निराळ्या तऱ्हेने ऐकाल. पडद्यामागचा माणूस दिसायला लागेल.

त्याच कानाने लगेच शबाका यांचा अल्बम ऐका: 'पर्सीव्ह इट्स ब्यूटी, अ‍ॅक्नॉलेज इट्स ग्रेस', एप्रिल २०२४. शबाका हचिंग्ज हे लंडनच्या जॅझमधले नावाजलेले सॅक्सोफोनवादक. ऐन बहरात त्यांनी सॅक्सोफोन बाजूला ठेवला आणि बासऱ्या हातात घेतल्या, त्यात जपानची शाकुहाची प्रामुख्याने. बासरी आपल्याला नवी नाही, म्हणून हा अल्बम जॅझ न ऐकणाऱ्या माणसालाही मी निर्धास्तपणे सुचवतो. रेकॉर्डिंग न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत झालं, जिथे जॅझच्या सोनेरी काळातल्या कितीतरी रेकॉर्डी झाल्या. सगळे वादक एका खोलीत, मध्ये आडभिंती नाहीत, कानाला हेडफोन नाहीत. आजच्या काळात असं काम करायला धाडस लागतं. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, आणि कुणी चुकलं तर नंतर कापून जोडता येत नाही. बदल्यात जे मिळतं ते ऐका. हार्पची तार छेडली की बासरीचा श्वास तिच्या बाजूने निघून जातो. शेवटच्या तुकड्यात शबाकाचे वडील स्वतःची कविता वाचतात. बासरी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी हा अल्बम दिला होता. आठवडाभराने येऊन तो म्हणाला, फुंकर ऐकू येऊ द्यायची असते हे मला माहीतच नव्हतं.

सतारीचं मन असेल तर अनुष्का शंकर यांची तीन छोट्या अल्बमची मालिका आहे. २०२३, २०२४ आणि मार्च २०२५ अशी ती तीन भागांत आली. तिसऱ्या भागात, 'वी रिटर्न टू लाइट'मध्ये, अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव आलम खान सरोदवर आहेत. रविशंकरांची मुलगी आणि अली अकबरांचा मुलगा एकत्र, म्हणजे मैहर घराण्याची तिसरी पिढी समोरासमोर. ड्रमवर सारथी कोरवार, जो पुण्यात शिकायला आला आणि इथे तबल्यात रमला. त्याच्या 'मोर अरायव्हिंग'मध्ये (२०१९) मुंबईच्या रॅपरांचे आवाज आहेत. तोही जमल्यास ऐका.

आता आपल्या घरापासून लांब जाऊ. नायजर देशातला एमडू मोक्तार हा तुआरेग जमातीचा डावखुरा गिटारवादक. पहिली गिटार त्याने सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून स्वतः बनवली होती. मे २०२४ मध्ये त्याचा 'फ्युनरल फॉर जस्टिस' आला. तमाशेक भाषेत, फ्रेंच वसाहतवादाने देशाची काय दशा केली यावर. गिटार अक्षरशः पेटलेली. जुलै २०२३ मध्ये त्याचा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना नायजरमध्ये लष्करी उठाव झाला आणि त्यांना घरी परतता येईना. त्या अडकलेल्या दिवसांत त्यांनी तीच गाणी बसून, साध्या वाद्यांवर, धीम्या लयीत पुन्हा रेकॉर्ड केली. तो 'टिअर्स ऑफ इनजस्टिस', फेब्रुवारी २०२५. आधी शांत ऐका, मग पेटलेला. बहुतेक जण उलट क्रमाने ऐकतात. पण शांत रूपात चाल ओळखीची झाली की पेटलेल्या रूपात गिटारच्या गर्दीतून ती शोधता येते. आपण बंदिश आधी विलंबितात समजून घेतो ना, तसंच.

रॉकमध्ये मी एकच सांगेन, कारण तो तुमच्या वयाला भेटेल. 'द क्युअर'चा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', नोव्हेंबर २०२४, सोळा वर्षांनी आलेला. आठच गाणी. पहिल्या 'अलोन'मध्ये तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसतं वादन चालतं आणि मग गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडतात. शेवटच्या 'एंडसाँग'मध्ये त्याहून जास्त थांबावं लागतं. पंधरा सेकंदांत श्रोता पकडा म्हणणाऱ्या काळात पासष्टीच्या माणसाने आलापासारखी एवढी सवड घेतली, याचा मला मनापासून आनंद झाला. एक गाणं गेलेल्या भावावर आहे. जवळचं माणूस नुकतं गेलं असेल तर हा अल्बम थोडा पुढे ढकला.

पाश्चात्त्य अभिजात संगीतातून व्हिकिंगुर ओलाफसन या आइसलँडच्या पियानोवादकाने वाजवलेले जर्मन संगीतकार बाखचे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स', ऑक्टोबर २०२३. बाखने हे १७४१ मध्ये छापलं. सुरुवातीला एक साधी चाल येते, मग तिच्या पायावर तीस विस्तार, आणि शेवटी पुन्हा तीच चाल. वरची धून बदलत राहते, खालच्या स्वरांचा आणि स्वरसंगतीचा साचा कायम. म्हणून पहिल्यांदा ऐकताना डावा हात ऐका, उजवा आपोआप कळेल. पाऊण तासानंतर थकायला होईल. थकलात तर थांबा, पण शेवटी परत आलेली पहिली चाल ऐकायला दुसऱ्या दिवशी नक्की बसा. तेच स्वर असतात आणि तुम्हाला ते वेगळे लागतात.

पोर्तो रिकोचा बॅड बनी. नावावरून आणि रेगेटॉन या नाचाच्या ठेक्यावरून मुलगी ओळखेल. तुम्ही कदाचित तोंड वाकडं कराल, म्हणून यावर थोडा थांबतो. 'देबी तिरार मास फोतोस', ५ जानेवारी २०२५. म्हणजे 'मी आणखी फोटो काढायला हवे होते'. मुखपृष्ठावर केळीच्या झाडांपुढे दोन रिकाम्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. कोकणातल्या आजोळच्या अंगणाचा फोटो म्हणून कुणी दाखवला तर मी विश्वास ठेवीन. जागतिक तारा झालेला हा माणूस आपल्या बेटाच्या संगीताकडे परतलाय: हातातल्या डफांवर चालणारी प्लेना, साल्सा, डोंगरातल्या शेतकऱ्यांचं संगीत. 'बायले इनोल्विदाब्ले' या साल्सात पोर्तो रिकोच्या संगीतशाळेतली तरुण मुलं वाजवतायत. एका गाण्यात हवाईचं जे झालं ते आपलं होऊ नये अशी भीती आहे. जमिनी बाहेरच्यांनी विकत घ्याव्यात आणि गावची माणसं निघून जावीत, हे दुःख सिंधुदुर्गातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. लोकसंगीत आणि आजचा ठेका एकत्र कसे आणावेत यावर आपल्याकडे खूप चर्चा होते. ती करणाऱ्या प्रत्येकाने हा अल्बम दोनदा ऐकावा. इथे लोकवाद्यं शोभेला ठेवलेली नाहीत, गाणं त्यांच्यावर उभं आहे.

अमेरिकन कंट्री संगीतात दोन टोकं आहेत. बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' (मार्च २०२४) सत्तावीस तुकड्यांचा, भव्य आणि माझ्या मते थोडा लांबलेला. पण त्यातला मुद्दा मोठा आहे: कंट्री हे गोऱ्यांचं संगीत मानलं गेलं, तरी त्यातला बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यपरंपरेतला. म्हणूनच 'टेक्सास होल्ड 'एम'च्या सुरुवातीला रायनन गिडन्स यांचा बँजो येतो. दुसरं टोक म्हणजे गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांचा 'वूडलँड' (ऑगस्ट २०२४). वूडलँड हा त्यांचा नॅशव्हिलमधला स्टुडिओ. मार्च २०२० मध्ये चक्रीवादळाने त्याचं छप्पर उडवलं आणि या दोघांनी रातोरात टेपा आणि यंत्रं पावसातून वाचवली. ते वाचून माझ्या पोटात खड्डा पडला होता. स्टुडिओवाल्याला दुसरं दुःस्वप्न नसतं. दहा गाणी, केंद्रस्थानी दोन गळे आणि दोन गिटार, आणि कुठेही घाई नाही. भावगीतावर प्रेम करणाऱ्या माणसाला दोघांपैकी हाच आवडेल.

रॅपसाठी केंड्रिक लामारचा 'जीएनएक्स', नोव्हेंबर २०२४. काही गाजावाजा न करता एका शुक्रवारी आला. बारा गाणी, पाऊण तासाच्या आत. शब्द समोर ठेवून ऐका, नाहीतर हाती काही लागणार नाही. सुरुवात मारियाची या मेक्सिकन लोकसंगीतातल्या गायिका डेरा बरेरा यांच्या स्पॅनिश ओळीने होते. 'रीइनकार्नेटेड'मध्ये तो आपल्या गतजन्मांची कथा सांगतो, आधी गिटारवादक, मग गायिका, आणि शेवटी देवाशी संवाद. शिव्या आहेत, हे आधीच सांगतो. पण शाहिराने सवाल टाकावा तशी फेक आहे, आणि ती तुम्हाला नक्की कळेल.

मेटल तुम्ही मागितलं नाहीत, पण 'निरनिराळ्या प्रकारांतले' म्हणालात. 'ब्लड इन्कँटेशन'चा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' (ऑक्टोबर २०२४) बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झाला. दोनच रचना, वीसेक मिनिटांच्या. गुरगुरणाऱ्या गळ्यांमधून अचानक मोकळ्या सिंथेसायझरच्या पठारावर येता. एकदा प्रयत्न करा. नाही जमलं तर सोडून द्या.

आणि नोव्हेंबर २०२५ मधला रोसालियाचा 'लुक्स'. ही बार्सिलोनाकडची, फ्लामेंको या स्पेनच्या पारंपरिक गाण्याची शिस्त घेतलेली गायिका. बरोबर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, चार भाग, आणि डझनभर भाषांत गायन. गाण्यांमागे जगभरच्या संत स्त्रियांची चरित्रं आहेत. त्यात बसऱ्याच्या राबियाही आहेत, ज्यांनी स्वर्गाची आशा आणि नरकाची भीती दोन्ही सोडून देवावर प्रेम केलं. जनाबाई आणि मुक्ताबाई ज्याच्या घरात गायल्या गेल्या त्या माणसाला स्त्रीने देवाशी असं सलगीने बोलणं मुळीच नवं नाही. पण हे इतकं मोठं, इतकं नाटकी आणि तरीही आतून आलेलं असू शकतं हे मला नवं होतं. पहिल्यांदा ऐकून मी गोंधळलो. तिसऱ्या खेपेला दोनदा डोळे भरून आले. म्हणून हा सगळ्यांत शेवटी ठेवा.

मराठीतलं एकही नाव आलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते मलाही टोचतं. २०२४ मध्ये 'गुलाबी साडी'वर देशभर लोक नाचले. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं, मराठी शब्दांवरचं हाऊस, म्हणजे क्लबमधलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत. दोन्ही गाणी उत्तम बांधलेली आहेत. पण ती सुटी गाणी आहेत. माझ्याकडे येणारी बहुतेक मराठी मुलं एका गाण्याचे आणि त्याच्या व्हिडिओचे पैसे जमवून येतात. दहा गाण्यांचं काम घेऊन शेवटचा कोण आला होता हे आठवायला मला वेळ लागतो. दोष मुलांचा नाही, दहा गाण्यांचा खर्च कोण उचलणार? पण गुण भरपूर आहेत हे मी काचेच्या या बाजूने रोज ऐकतो. एखाद्याने आठ गाणी एका धाग्यात ओवून आणली तर त्याचं मिक्सिंग मी आनंदाने उधारीवर करीन.

आता मुलीबद्दल. तिच्याबरोबर बसून ऐकायला बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' घ्या, मे २०२४. तिला बहुधा पाठ असेल. बिली आणि तिचा भाऊ फिनियस यांनी मिळून बनवलेली दहा गाणी. आधी एकही गाणं सुटं काढलं नाही, अख्खा अल्बम एकदम दिला, कारण तो तसाच ऐकला जावा ही तिची इच्छा. ती जवळजवळ कुजबुजत गाते. आवाज इतका हळू आणि तरीही इतका जवळ बसवणं हे मिक्सिंगमधलं सर्वांत अवघड काम, आणि नावातलं 'सॉफ्ट' खरोखर हळू आहे म्हणून 'हार्ड' आदळतं. मुलीला सांगा, आज फोनवरून उड्या मारत नाही ऐकायचं. हेडफोन बाजूला ठेवा, बरा स्पीकर असेल तर तो लावा. 'लामूर दे मा वी' मध्यावर कूस बदलतं तिथे तिच्याकडे बघा, ती तुमच्याकडे बघत असेल. शेवटचं 'ब्लू' दोन जुन्या अपुऱ्या गाण्यांना जोडून केलंय. तो जोड कुठे आहे ते दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा आणि गाणं संपल्यावर कागद उघडा.